७३७-८ आणि ७३७-८००: शून्यं राहिलेली नाहीत

प्रश्न ठाण्याच्या एका ताईंचा आहे. आईवडिलांचं मुंबई-कोची तिकीट काढताना त्यांना ॲपवर एका फ्लाइटपुढे 'बोइंग ७३७-८००' दिसलं आणि दुसरीपुढे 'बोइंग ७३७-८'. टाइप करताना दोन शून्यं राहिली, की विमानच वेगळं? वेगळं असेल तर ज्याचे अपघात झाले ते 'मॅक्स' यातलं कुठलं? तिसरा प्रश्न त्यांनी जाता जाता विचारलाय, पण मला तोच खरा वाटला: सगळ्यांना ७३७च म्हणायचं, तर मग मागे एवढे आकडे कशाला?

आधी सरळ उत्तर देतो. शून्यं राहिलेली नाहीत. ७३७-८ हे मॅक्स ८ चं कागदोपत्री नाव. 'मॅक्स' हा शब्द जाहिरातीतला, प्रमाणपत्रावर तो नसतो. ७३७-८०० ही त्याच्या आधीची पिढी. तिकिटाच्या तपशिलात तीन अक्षरांचा कोड सापडला तर आणखी सोपं आहे: ७३८ किंवा ७३एच म्हणजे -८००, आणि ७एम८ म्हणजे मॅक्स ८. आईवडिलांना दोन्हींत बसवायला माझी हरकत नाही. मी माझ्या म्हाताऱ्या मावशीला मॅक्समधून पाठवलंय. का, ते पुढे येईल.

आता लांबचं उत्तर. मी १९८६ साली सांताक्रूझच्या हँगरमध्ये टेक्निशियन म्हणून लागलो, मग लायसन्स काढलं आणि २०२२ मध्ये निवृत्त झालो. मधल्या काळात कंपन्या बदलल्या, गळ्यातला पास बदलला, विमान मात्र बहुतेक वर्षं एकच, ७३७. निदान वैमानिक तरी 'एकच' म्हणतात. फरकाचं थोडं प्रशिक्षण घेतलं की त्यांना एका पिढीतून दुसरीत जाता येतं. आमचं तसं नाही. देखभाल इंजिनिअरच्या लायसन्सवर -३००, -४००, -५०० वेगळी लिहिलेली असतात, -६०० ते -९०० वेगळी, मॅक्स वेगळं, आणि प्रत्येकाचा कोर्स वेगळा. म्हणजे विकणाऱ्याला एक विमान, चालवणाऱ्याला एक विमान आणि पान्हा धरणाऱ्याला चार. ७३७ ची कुंडली यातच आली. आतून बदलता येईल तितकं बदलायचं, पण कॉकपिटमध्ये बसणाऱ्याला घर बदलल्यासारखं वाटू द्यायचं नाही.

कुंडलीतला दुसरा ग्रह म्हणजे पाय. या विमानाचे पाय आखूड आहेत. पुढचं जवळपास सगळं रामायण त्या पायांमुळे घडलं, म्हणून तिथूनच सुरू करतो.

१९६५ साली बोइंगने हे विमान जाहीर केलं तेव्हा कंपनीला उशीर झाला होता. डग्लसचं डीसी-९ आणि ब्रिटिशांचं वन-इलेव्हन पुढे निघून गेलं होतं आणि दोघांचीही इंजिनं शेपटीला होती. बोइंगच्या जो सटर यांनी (हेच पुढे ७४७ साठी गाजले) इंजिनं पंखाखाली आणली. धड मोठ्या ७०७ चंच घेतलं, ३.७६ मीटर रुंदीचं. त्यामुळे डीसी-९ मध्ये एका रांगेत पाच खुर्च्या, तर इथे सहा. आणि सगळं विमान जमिनीलगत ठेवलं. त्या काळी लहान विमानतळांवर ना बेल्ट लोडर, ना धड शिडी. ७३७ च्या पुढच्या दाराखालून घडीची शिडी बाहेर यायची, पोर्टर जमिनीवर उभा राहून बॅगा पोटात ढकलायचा, आणि आम्ही घोडा न लावता इंजिनाचं काउलिंग, म्हणजे बाहेरचं आवरण, उघडायचो. आपल्याकडच्या तेव्हाच्या विमानतळांना ते जणू मापानेच शिवलेलं होतं.

हे जमलं, कारण तेव्हाचं इंजिन बारीक होतं. प्रॅट अँड व्हिटनीचं जेटी८डी, पुढच्या पंख्याचा व्यास जेमतेम १ मीटर. पंखाच्या खालच्या अंगाला थेट चिकटवलेलं, एखाद्या लांब विडीसारखं. हा १ मीटरचा आकडा लक्षात ठेवा.

पहिलं उड्डाण ९ एप्रिल १९६७ चं, -१०० चं. पहिलं गिऱ्हाईक जर्मनीची लुफ्तान्सा. -१०० बद्दल फार सांगण्यासारखं नाही, फक्त ३० बनली. कंपन्यांना थोडं लांब विमान हवं होतं, म्हणून लगोलग -२०० आलं आणि तेच चाललं. १,१०० च्या वर बनली. सुरुवातीला एक फजिती मात्र झाली. धावपट्टीवर वेग मारण्यासाठी इंजिनाचा झोत उलटा फिरवणारी यंत्रणा ७२७ ची उचलून लावली होती, ती इथे नीट लागू पडेना. झोत पंखाखाली अडायचा आणि विमान थांबण्याऐवजी उचलल्यासारखं व्हायचं. मग इंजिनाचं नळकांडं मीटरभर मागे लांबवलं आणि टोकाला दोन कवाडं बसवली. ज्यांनी जुन्या मुंबईत -२०० उतरताना पाहिलंय त्यांना ती कवाडं आठवतील. इंजिनाच्या मागे शिंपला मिटावा तशी मिटायची आणि पार्ल्यापर्यंत कानठळ्या बसायच्या.

इंडियन एअरलाइन्सकडे -२०० सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून होती. त्यांचं पूर्ण नाव होतं ७३७-२ए८. यातला '२' म्हणजे -२००, आणि 'ए८' ही बोइंगने त्या गिऱ्हाइकाला दिलेली खूण, शिंप्याच्या वहीत लिहितात तशी. पुढे जेट एअरवेजच्या -८०० वर ८५आर, स्पाइसजेटच्या ८जीजे, एअर इंडिया एक्सप्रेसच्या ८एचजी. विमान कितीही हातांतून गेलं तरी पहिल्या मालकाची खूण नावातून पुसली जात नाही. मॅक्सपासून ही पद्धत बंद झाली. मला त्याचं थोडं वाईट वाटलं. लॉगबुक उघडलं की विमानाचं माहेर कळायचं.

-२०० वर मी जे शिकलो ते पुढच्या तिन्ही पिढ्यांत पुरलं, आणि त्यातलं पहिलं म्हणजे विमानाचं वय वर्षांत मोजायचं नाही. तासांतही नाही. सायकलमध्ये मोजायचं: एकदा चढलं, एकदा उतरलं, एक सायकल. दर चढाईला केबिनमध्ये हवा भरते, धड फुग्यासारखं ताणलं जातं, उतरताना सैल होतं. तार एकाच जागी मागेपुढे वाकवत राहिलात तर शेवटी तुटते, तसंच हे. २८ एप्रिल १९८८ ला हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या -२०० चं छप्पर २४ हजार फुटांवर उडालं. सुमारे साडेपाच मीटर लांबीचं. एक हवाईसेविका बाहेर ओढली गेली आणि वारली, बाकी सगळ्यांना घेऊन वैमानिकांनी विमान उतरवलं. ते विमान १९ वर्षांचं होतं, पण सायकल झाल्या होत्या ८९,६८०. बेटाबेटांमधल्या अर्ध्या तासाच्या उड्या आणि वर खारी हवा. सुरुवातीच्या ७३७ मध्ये पत्र्यांचे सांधे एका खास पद्धतीने चिकटवलेले असत, ती चिकटण सुटून आत गंज चढला होता आणि रिव्हेटच्या भोकाभोवती चिरा जुळत गेल्या होत्या.

खारी हवा, लहान उड्या. आम्ही सांताक्रूझला ती बातमी वाचली तेव्हा हँगरमध्ये कोणी फार बोललं नाही. समुद्र आमच्याही दारातच होता. त्यानंतर जुन्या विमानांच्या तपासणीचे नियम जगभर कडक झाले. आमच्याकडे सी-चेकला, म्हणजे मोठ्या तपासणीला, विमान आलं की सीनियर मंडळी पत्र्याआधी दोन जागा बघायची: गॅलीच्या, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघराच्या, खालची फ्लोअर बीम आणि टॉयलेटच्या खालची. चहा, सोडा आणि दुसरं जे काही सांडतं ते तिथे मुरतं. तिसरी जागा मालाच्या खणाची फरशी. मासळीच्या खोक्यातून गळलेलं खारं पाणी ॲल्युमिनियमला समुद्रापेक्षा वाईट. कोळंबी कोणाच्या तरी ताटात जाते आणि आम्ही इथे गंज खरवडत बसतो.

आता पायांची गोष्ट पुढे नेऊ. ऐंशीच्या दशकात तेल महाग झालं होतं, जेटी८डी तेल पीत होतं आणि आवाज करत होतं. नवं इंजिन हवं होतं, पण कमी तेल खाणारं इंजिन म्हणजे मोठा पंखा, आणि मोठा पंखा म्हणजे जाड इंजिन. सीएफएम५६ तेव्हा तयार होतं, पण त्याचा पंखा पावणेदोन मीटरच्या आसपास. तो ७३७ खाली मावेना. पाय लांब करायचे तर ते आत दुमडून ठेवायची जागा, पंखाची मुळं, सगळंच बदलायला लागतं, म्हणजे नवं विमानच. मग पंखा छाटून १.५२ मीटरचा केला, इंजिन पंखाखालून काढून पंखाच्या पुढे टांगलं, आणि इंजिनाच्या पोटाखाली असलेली गिअरबॉक्स बाजूला सरकवली. त्यामुळे काउलिंगचा तळ चपटा झाला. समोरून बघाल तर गाल फुगवलेल्या उंदरासारखं तोंड दिसतं. हे -३००, पहिलं उड्डाण फेब्रुवारी १९८४ चं. याच पिढीला पुढे 'क्लासिक' म्हणायला लागले, म्हणजे त्याच्यापेक्षा नवं आल्यावर. आजोबाला 'थोरले' म्हणायला आधी धाकटा जन्मावा लागतो, तसं.

मुंबईने क्लासिक बघितलं ते १९९३ मध्ये, जेट एअरवेजने भाड्याच्या चार -३०० घेऊन सुरुवात केली तेव्हा. आम्हा -२०० वाल्यांना तो धक्काच होता. आवाज कुजबुजीसारखा, कॉकपिटमध्ये काही घड्याळांच्या जागी पडदे. पण काउलिंग इतकं खाली की पावसाळ्यात रात्रपाळीला ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी करतात त्या फरशीवर, गुडघे टेकूनच काम. इंजिन आणि जमीन यांत अर्ध्या मीटरहूनही कमी जागा. चालू इंजिन जमिनीवरचं काहीही ओढून घेतं, प्लॅस्टिकची पिशवी, खडी, आणि जुलैत साचलेलं पाणी.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर क्लासिकची एक गोष्ट सांगतो, कारण ती प्रत्येक पावसाळ्यात मला आठवायची. २४ मे १९८८ ला एल साल्वाडोरच्या टाका कंपनीचं जवळजवळ नवंकोरं -३०० न्यू ऑर्लीन्सकडे उतरत असताना पाऊस आणि गारांच्या तडाख्यात सापडलं. वेग कमी केलेला, इंजिनं संथ फिरत होती, आणि दोन्ही विझली. वैमानिकाने ते कालव्यालगतच्या गवताळ बांधावर उतरवलं, कोणी दगावलं नाही, आणि नंतर इंजिन बदलून ते तिथूनच उडवून नेलं. त्यानंतर पंख्याच्या मधोमध असलेल्या टोपीचा, म्हणजे स्पिनरचा आकार बदलला, जेणेकरून गारा मधल्या गाभ्यात न जाता बाहेर फेकल्या जाव्यात, आणि जोरदार पावसात इंजिन किती संथ करायचं यावर मर्यादा आली. मुंबईत जुलैमध्ये उतरताना इंजिनाचा आवाज अपेक्षेपेक्षा चढा वाटला तर घाबरू नका. कोणीतरी नियम पाळतंय.

-४०० म्हणजे -३०० तीन मीटरने ताणलेलं, आणि -५०० म्हणजे जुन्या -२०० च्या मापाला परत आणलेलं. -५०० चटकन मागे सोडू. -४०० वर मात्र थांबायला हवं, कारण 'तेच विमान, थोडं लांब' या वाक्यात काय लपतं ते त्याने दाखवलं. ८ जानेवारी १९८९ ला ब्रिटिश मिडलंडचं -४०० इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ कोसळलं, ४७ माणसं गेली. डाव्या इंजिनाचं पंख्याचं पातं तुटलं होतं, आणि वैमानिकांनी उजवं, धडधाकट इंजिन बंद केलं. इंजिनाची ताकद -४०० साठी वाढवली होती, आणि त्या वाढीव ताकदीला उंचीवर पात्यात जी थरथर होत होती ती जमिनीवरच्या चाचण्यांत दिसली नव्हती. कॉकपिटमध्ये थरथर दाखवणारं मापक होतं, पण लहानसं, आणि जुन्या विमानांवरच्या अनुभवाने वैमानिकांचा अशा मापकांवर भरवसाच नव्हता. सवय जुन्या विमानाची होती, खाली विमान नवं होतं. छत्तीस पावसाळे हँगरमध्ये काढल्यावर कोणी मला विचारलं की क्लासिकचा अपघात सांगा, तर मी हाच सांगतो.

सारखेपणाला दुसरीही बाजू आहे. भाऊ-भाऊ एका घरात राहिले की आजारही एकच. ७३७ च्या शेपटीतल्या उभ्या रडरला, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या सुकाणूला, हलवणारी हायड्रॉलिक यंत्रणा -१०० पासून क्लासिकपर्यंत मूळ तीच होती. तिच्यातला एक झडप-संच क्वचित असा अडकायचा की रडर वैमानिकाने दाबलेल्या दिशेच्या उलट जायचं. १९९१ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जला युनायटेडचं -२०० गेलं, १९९४ मध्ये पिट्सबर्गजवळ यूएसएअरचं -३००. दोन्हींत मिळून १५७ माणसं. तपास वर्षानुवर्षं चालला, कारण यंत्रणा बाहेर काढून तपासली की ठणठणीत निघायची. शेवटी थंडगार झडपेत गरम तेल सोडल्यावर ती फसते हे दिसलं. सगळ्या पिढ्यांतली ती यंत्रणा बदलायची ठरली आणि ते काम आमच्याकडेही आलं.

आमच्या रोजच्या कामात विमान ओळखणं म्हणजे -३०० की -८०० एवढंच नसतं. मॅन्युअलच्या प्रत्येक पानावर लिहिलेलं असतं की हे पान कोणकोणत्या विमानांना लागू. त्याला आम्ही इफेक्टिव्हिटी म्हणतो. एकाच कंपनीतली, एकाच रंगाची, शेजारशेजारी उभी असलेली दोन -८०० सुद्धा वायरिंगमध्ये वेगळी असू शकतात, कारण एक कारखान्यातून आपल्यासाठी आलेलं असतं आणि दुसरं कुठल्यातरी दुसऱ्या देशात सात वर्षं राबून भाड्याने आलेलं. एकदा रात्री दोन वाजता मी लँडिंग लाइटच्या तक्रारीवर एक वायर शोधत होतो. आकृतीत होती, विमानात नव्हती. चहा झाला, दुसरा चहा झाला. पाचच्या सुमाराला एका पोरसवदा टेक्निशियनने पानाच्या कोपऱ्यात बोट ठेवलं: सर, हे पान शेजारी उभ्या असलेल्या विमानाचं आहे. मी त्याला काही बोललो नाही, कँटीनमध्ये वडापाव तेवढा खाऊ घातला. तो पोरगा आज शिफ्ट इन्चार्ज आहे.

आता तुमच्या -८०० कडे. नव्वदच्या दशकात एअरबसचं ए३२० जोरात होतं. इंडियन एअरलाइन्सने तर १९८९ मध्येच ते घेतलं होतं. बोइंगने उत्तर दिलं ते नेक्स्ट जनरेशन, एनजी. या वेळी पंख नवा केला: टोकापासून टोकापर्यंत २८.९ मीटरचा ३४.३ झाला, क्षेत्रफळ २५ टक्क्यांनी वाढलं, त्यात सुमारे २६ हजार लिटर इंधन मावू लागलं. पाय थोडे वाढले. इंजिन सीएफएम५६-७बी, पंखा १.५५ मीटर, तळ अजून चपटाच पण कमी. कॉकपिटमध्ये सहा पडदे. आणि तरी डोक्यावरचं स्विचांचं पॅनल, बाजूचं पांढऱ्या पट्टीचं ट्रिमचं चाक जे फिरताना टकटक वाजतं, हे सगळं जुनंच. क्लासिकचा वैमानिक आत बसला की त्याचा हात आपोआप योग्य जागी जावा, म्हणून. ए३२० मध्ये वैमानिक आणि पंख यांच्यामध्ये संगणक. ७३७ मध्ये अजून तारा आणि कप्प्या आहेत. मला विचाराल तर हात लावून तपासता येणारी गोष्ट मला आवडते, पण हा मेकॅनिकचा पूर्वग्रह आहे, तुम्ही त्यावर तिकीट काढू नका.

एनजीत चार लांब्या. -६०० फक्त ६९ खपली, ती विसरा. -७०० मधली. -८०० ३९.५ मीटर, १८९ पर्यंत खुर्च्या, आणि जवळपास ५ हजार विकली गेली. जगात ७३७ म्हटलं की डोळ्यांपुढे जे येतं ते हेच. आणि मग -९००, ज्याने दारांचं गणित शिकवलं. विमानात किती माणसं बसवायची ते खुर्च्यांवर नाही, संकटकाळच्या दारांवर ठरतं. अर्धे दरवाजे बंद धरून दीड मिनिटात सगळे बाहेर पडले पाहिजेत. -९०० लांब होतं, पण दारं -८०० इतकीच, म्हणून माणसंही तितकीच. कोण घेणार? ५२ विकली. दोन जेट एअरवेजकडे होती. मग -९००ईआर आलं, पंखाच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक जास्तीचं दार देऊन. ज्या कंपनीला इतकी माणसं बसवायची नाहीत तिच्यासाठी त्या दाराच्या जागी एक बंद झाकण बसवतात. आतून भिंत दिसते, खिडकीही असते, बाहेरून चौकट दिसते.

या झाकणाची बातमी तुम्ही ऐकलीय, फक्त ते झाकण होतं हे माहीत नसेल. ५ जानेवारी २०२४ ला अमेरिकेत पोर्टलंडहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या मॅक्स ९ च्या बाजूला जे भोक पडलं ते हेच. कारखान्यात ते उघडून परत लावताना त्याचे चार बोल्ट लावलेच नव्हते. कोणी दगावलं नाही. मी ती बातमी वाचताना पानं उलटून मागे गेलो. काम उघडलं की नोंद, बंद केलं की नोंद आणि दुसऱ्याची सही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. त्या झाकणाच्या कामाची धड नोंदच नव्हती.

आता मॅक्स. एअरबसने नव्या इंजिनाचं ए३२०निओ काढलं आणि बोइंगने ऑगस्ट २०११ मध्ये मॅक्स जाहीर केलं. पुन्हा तोच आखूड पाय. निओवरच्या लीप इंजिनाचा पंखा १.९८ मीटरचा, कारण एअरबस मुळात उंच आहे. मॅक्सवरच्या लीप-१बी चा १.७६. तेवढा मावण्यासाठीसुद्धा नाकाचा पाय सुमारे २० सेंटीमीटर वाढवला, आणि इंजिन आणखी पुढे, आणखी वर नेलं, इतकं की त्याचा वरचा काठ पंखाच्या पातळीपर्यंत आला. विडीसारखं इंजिन होतं तिथे पिंप आलं. १ मीटरवरून १.७६, जवळपास त्याच पायांवर.

पुढे आलेलं जाड काउलिंग नाक फार वर असताना स्वतःच उचल देतं, त्यामुळे त्या कोनात कंट्रोल हातात हलकं लागतं. जुन्या ७३७ सारखं लागावं म्हणून सॉफ्टवेअर घातलं, एमकॅस, जे आपणहून शेपटीचा आडवा पंख फिरवून नाक खाली करतं. ते एकाच सेन्सरच्या भरवशावर चालत होतं, पुन्हा पुन्हा चालू होत होतं, आणि वैमानिकांच्या पुस्तकात त्याचा उल्लेख नव्हता. ऑक्टोबर २०१८ मध्ये लायन एअर, मार्च २०१९ मध्ये इथिओपियन. ३४६ माणसं. नंतर बाहेर आलेल्या कागदपत्रांत दिसलं की वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये बसवावं लागलं तर बोइंग साउथवेस्ट या अमेरिकी विमानकंपनीला दर विमानामागे १० लाख डॉलर सूट देणार होती. चालवणाऱ्याला नवं वाटता कामा नये, हे सुरुवातीला मी लिहिलं ना, ते इथे येऊन थांबलं.

मॅक्स जगभर जमिनीवर आलं. आता ते दोन सेन्सर ताडून पाहतं, एका घटनेत एकदाच ढकलतं, वैमानिकाच्या जोरापुढे हार मानतं, आणि सिम्युलेटर सक्तीचं आहे. अमेरिकेने नोव्हेंबर २०२० मध्ये परवानगी दिली, आपल्या डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, ऑगस्ट २०२१ मध्ये. अकासा या नव्या विमानकंपनीने ७ ऑगस्ट २०२२ ला पहिलं व्यावसायिक उड्डाण मुंबई-अहमदाबाद केलं ते मॅक्स ८ नेच. जगात सध्या इतकं बारकाईने उलटंपालटं करून तपासलेलं दुसरं प्रवासी विमान मला तरी माहीत नाही. मावशीला त्याच हिशेबाने बसवलं.

एक पोटप्रकार तुम्हाला दिसण्याची शक्यता आहे: ७३७-८-२००. लांबी मॅक्स ८ चीच, पण पंखाच्या मागे जास्तीचं दार देऊन दोनशेच्या घरात माणसं. अकासाच्या ऑर्डरमध्ये तीही आहेत. विमान तेच, गुडघ्यांपुढची जागा कंपनी ठरवेल तेवढी. आईचे गुडघे दुखत असतील तर मॅक्स की -८०० यापेक्षा रांगांमधलं अंतर विचारा.

मॅक्स १० मध्ये तर पायांनी कहर केलाय. ४३.८ मीटर लांब विमान उडताना शेपूट घासेल, म्हणून मागचे पाय उडताना लांब होतात आणि आत जाताना आखडतात. पन्नासहून जास्त वर्षं ज्याला फार हात लावायचा टाळला त्यालाच शेवटी सांधा बसवावा लागला. आपल्या नौदलाचं पी-८आय, जे समुद्रावर पाणबुड्या शोधत फिरतं, तेही याच घरातलं, -८०० च्या धडाचं.

ओळखायचं कसं? पंखाच्या टोकावर जाऊ नका, दुभंगलेली टोकं जुन्या -८०० वरही नंतर बसवलेली असतात. इंजिनाची मागची कड बघा. करवतीसारखी दातेरी असेल तर मॅक्स, गुळगुळीत असेल तर -८००. पंखावरच्या खिडक्यांत संकटकाळची दारं मोजा: एका बाजूला दोन म्हणजे -४००, -८००, मॅक्स ८ किंवा त्याहून लांब, एक म्हणजे बाकीची. आणि एअरबस की बोइंग एवढंच हवं असेल तर संध्याकाळी जुहूच्या वाळूवर उभे राहा, सत्तावीस नंबरच्या धावपट्टीवरून उडालेली विमानं डोक्यावरून समुद्राकडे जातात. पोटाखाली दोन काळे गोल दिसले की ७३७. त्याच्या मागच्या चाकांना झाकणारी दारं पहिल्यापासून नाहीतच, चाकं उघडीच राहतात. तुमच्या आईवडिलांना बसने विमानापाशी नेलं तर शिडी चढण्याआधी बाबांना इंजिनाच्या मागच्या कडेचा एक फोटो काढायला सांगा. कुठलं ते मी बघून सांगतो.